कॉम्प्युटर आत्ताच घ्यावा का रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबावं?

पांढरकवडा रोड (धागा यांचा)

राम राम मंडळी. माझं झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पांढरकवड्याच्या पुढं हायवेला लागून, गाव काही मोठं नाही पण आजूबाजूची सात-आठ गावं माझ्याकडंच येतात. कॉम्प्युटर २०१४ चा आहे, चौथ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम अन तीच जुनी फिरती हार्डडिस्क. सकाळी चालू केला की मी दुकान झाडून घेतो, पाणी भरून आणतो, तेव्हा कुठं ब्राउझर उघडते.

मागच्या पंधरवड्यात एक मावशी केवायसीसाठी आल्या, कापूस वेचायची मजुरी पाडून आल्या होत्या. वेचणीवाल्या बायांची बोटं कशी होतात ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, बोंडाच्या टोकानं कातडी पार सोलून निघते, अंगठ्याचा ठसा काही केल्या येत नाही. ओल्या फडक्यानं पुसलं, थोडं तेल लावलं, परत पुसलं, चौथ्या वेळेस मशीननं ठसा घेतला अन त्याच वेळेला स्क्रीन पांढरी पडली. सेशन गेलं. मावशी काही बोलल्या नाहीत, उद्या येतो म्हणाल्या, म्हणजे अजून एक दिवसाची मजुरी गेली. त्या रात्री मला झोप नाही आली खरंच.

आता सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) घातलेल्या कापसाचा चुकारा जमा झाला आहे. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, ओलाव्यात थोडा कटला पण आला. हातात पैसा आहे तर कॉम्प्युटर घेऊन टाकावा असं वाटते. पण दुकानदार म्हणते की दिवाळीच्या आधी जेवढ्यात १६ जीबी रॅम येत होती तेवढ्यात आता ८ पण येत नाही, सहा महिने थांबा. घ्यावा का थांबावं? तुम्ही काय केलं असतं ते सांगा.

वणीचा असेंबलवाला

भाऊ घेऊन टाका, थांबू नका. तुमचा दुकानदार सहा महिने कशाच्या भरवशावर सांगून राहिला ते मला समजत नाही. जगात रॅमची चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स अन मायक्रॉन, अन तिघींनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडं वळवला कारण तिकडं पैसा जास्त मिळते. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये सांगून टाकलं की क्रुशियल नावानं आपण किरकोळ गिऱ्हाइकाला जी रॅम अन एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कऐवजी लागणारी चिपवाली वेगवान डिस्क) विकत होतो ते बंद. २९ वर्षांचा ब्रँड होता तो, मी शेकड्यानं बसवल्या असतील. चिपची नवी फॅक्टरी उभी राहायला दोन-तीन वर्षं जातात, ते काही जिनिंगचं शेड नाही की एका सीझनमध्ये उभं केलं.

अन दुसरं, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या चौथ्या जनरेशनवर इलेव्हन कायदेशीर बसत नाही, त्याला आठवी जनरेशन किंवा पुढची लागते अन टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. बायपास करून टाकून देणारे गावोगावी आहेत पण तशा मशीनला अपडेट मिळेलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. तुम्ही लोकांचे आधार नंबर, बँकेचे पासबुक त्याच मशीनवर उघडता. हा खेळ नाही.

दारव्हेकर

मी उलट सांगतो. असेंबलवाले भाऊ चुकीचं काही बोलले नाहीत पण अर्धंच बोलले. रॅमचा भाव नेहमी असाच वरखाली होते. २०१७-१८ मध्ये असाच चढला होता, २०१९ मध्ये आपटला. कोरोनाच्या वेळेस परत चढला, २०२२-२३ मध्ये परत खाली. ग्राफिक्स कार्डाचं आठवा, इथेरियम नावाच्या डिजिटल नाण्याच्या मायनिंगपायी २०२१ मध्ये कार्ड हातात येत नव्हतं, सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद पडलं अन बाजारात जुन्या कार्डांचा ढीग लागला. ज्यानं वरच्या भावात घेतलं तो रडला.

अन विंडोज टेनचं म्हणाल तर वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. तेवढा वेळ आहे. जुन्या मशीनला एक एसएसडी लावा, डीडीआर थ्री म्हणजे जुन्या पिढीच्या रॅमची ४ जीबीची पट्टी जुन्या सामानात मिळून जाईल, ८ जीबी होऊन जाते. मशीन दुसऱ्या मिनिटाला उघडेल. तुमची मावशी परत गेली ती प्रोसेसरपायी नाही, हार्डडिस्क अन रॅमपायी गेली.

सगळ्यात महत्त्वाचं, चुकारा आला म्हणजे पैसा मोकळा झाला असं नाही. जूनमध्ये बियाणं, डीएपी खत, निंदणाची मजुरी. मृगात पैसा नसला तर सावकाराच्या दारात जावं लागते, तेव्हा हे कॉम्प्युटर इकून थोडंच बियाणं येते.

बोंडअळी

दारव्हेवाले भाऊ, भावाची वाट पाहाची गोष्ट मले नोका सांगू. २०२१-२२ मंदी कापूस दहा हजाराच्या वर गेला का नाही? मंग पुढच्या साली आमी सगळ्यायनं काय केलं? घरात भरून ठेवला. बाजीवर कापूस, देवघरापाशी कापूस, लेकरायले झोपाले जागा नोती, अंगाले खाज सुटली सगळ्यायच्या. दहा हजार होईन, बारा होईन. काय झालं? सात-आठ हजारात इकला उन्हाळ्यात, वजनात घट आली ते येगळीच. भाव कवा उतरन अन कवा चढन हे कोनाच्या बापाले समजत नाई. काम अडलं हाय ना? मंग घ्या.

दारव्हेकर

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, माझ्याही घरात होता तो कापूस. पण तिथं आपण विकणारे होतो, इथं घेणारे आहोत. विकणारा थांबला तर माल घरात खराब होते. घेणारा थांबला तर पैसा बँकेत तसाच राहते. दोन्ही एकच कसं?

बोंडअळी

पैसा तसाच राहते म्हनता? शेतकऱ्याच्या खात्यात पैसा तसाच राह्यलेला पाह्यला का तुमी कधी? पोट्टीची फी, मायचा दवाखाना, मोटर जळली. सहा मयन्यानं भाव उतरन बी, पन तवा खात्यात काई नसन.

उमरखेडची ताई

बोंडअळी दादांचं शेवटचं वाक्य अगदी माझ्या घरातलं आहे. मागच्या वर्षी मुलगी बारावीत होती, लॅपटॉप घ्यायचा ठरलं होतं दिवाळीला, हे म्हणाले रिझल्टनंतर घेऊ, नवीन मॉडेल येतात जूनमध्ये. मधातच सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म मी मोबाइलवर भरले, त्या इवल्याशा स्क्रीनवर कॉलेजचे कोड खालीवर करता करता दोन कोड अदलाबदल झाले अन लॉक करून बसले. अमरावतीचं हवं होतं, दुसरीकडंच लागलं. आता ती पहिल्या वर्षाला आहे अन लॅपटॉप अजून नाही, अन आता भाव हा असा. म्हणून सांगते भाऊ, गरज आज आहे तर आज घ्या.

एक मात्र करा, नवीन मशीन लावायच्या आधी अर्थिंग पाहून घ्या. आमच्या शाळेत पहिल्या पावसाच्या विजेत तीन कॉम्प्युटर एका कडाक्यात गेले, वीज लाइनीतून नाही, इंटरनेटच्या वायरमधून आली होती. ढग दाटले की ती वायर पण काढायची हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

पांढरकवडा रोड

ताई, वाचून वाईट वाटलं. अर्थिंगचं लक्षात ठेवतो, माझ्याकडं खड्डा आहे पण उन्हाळ्यात कोरडा पडते, मीठ-पाणी टाकावं लागते.

इटवारीचा मुलगा

काका, लिनक्स टाका ना, फुकट आहे, जुन्या मशीनवर मस्त चालते, व्हायरसची कटकट कमी. मी मिंट वापरून राहिलो दोन वर्षांपासून.

पांढरकवडा रोड

बेटा, माझ्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज अन अँड्रॉइडवरच चालते. शिवाय जुने अर्ज, करारनामे सगळे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवले आहेत, युनिकोडमध्ये नाहीत, ते तिकडं उघडले की नुसती गिचमिड दिसते. घरच्या वापराला ठीक आहे.

वणीचा असेंबलवाला

दारव्हेकर भाऊंच्या एसएसडीवर बोलतो. एसएसडीचे भाव पण वर गेले आहेत, ते विसरू नका. अन बारा वर्षं जुना बोर्ड, त्याचे कपॅसिटर फुगले का कोणी पाहिलं? एसएसडी टाकली अन महिन्यानं बोर्ड गेला तर? आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री असते, टिनाच्या शेडात अजून जास्त. मला विचाराल तर एएमडीच्या एएम फोर सॉकेटच्या बोर्डावर रायझन ५६००जी प्रोसेसर घ्या, ८ जीबीची एकच पट्टी टाका, दुसरा स्लॉट खाली ठेवा. रॅम उतरली की दुसरी पट्टी टाका. म्हणजे घेणं पण झालं अन थांबणं पण झालं.

दारव्हेकर

एएम फोर २०१७ पासून आहे, आता त्यात पुढं काय येणार? अपग्रेडच करायचं म्हणता तर त्याच्या पुढचं एएम फाइव्ह घ्या, एएमडीनं त्याला २०२७ पर्यंत तरी नवीन प्रोसेसर देऊ म्हटलं आहे.

वणीचा असेंबलवाला

त्याला डीडीआर फाइव्ह ही नवीन रॅम लागते, आग लागली आहे ती त्यालाच जास्त. फॉर्म भरायला एएम फाइव्ह कशाला हो? २०१८ मध्ये मी एका शाळेला बी ४५० बोर्डावर रायझन २२००जी बसवून दिला होता, मागच्या वर्षी त्याच बोर्डाचा बायॉस अपडेट करून ५६००जी टाकला, रॅम तीच, कॅबिनेट तेच. सात वर्षं एक बोर्ड. याला मी अपग्रेड म्हणतो. नवीन जनरेशनची वाट पाहणं म्हणजे अपग्रेड नाही.

सीताबर्डीचा रिपेअरवाला

इतकी चर्चा झाली पण रिफर्बिशचं, म्हणजे वापरून दुरुस्त केलेल्या मशीनचं, कोणी काढलं नाही. भाव वाढले ते नवीन रॅमचे. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले आठव्या जनरेशनचे आय फाइव्ह मशीन येतात आमच्याकडं, ८ जीबी डीडीआर फोर आतच असते, त्यात विंडोज इलेव्हन रीतसर बसते. जुन्यातही थोडं चढलं आहे, नाही म्हणणार नाही, पण नव्याएवढं नाही. तुमच्या कामाला हे मशीन पुरून उरते. अन अजून सहा महिन्यांनी हेच स्वस्त मिळेल असं समजू नका, नवीन महाग झालं की सगळे जुन्याकडंच येतात, आत्ताच येऊन राहिले.

पांढरकवडा रोड

भाऊ, जुन्याला मी एकदा पोळलो आहे. तालुक्याच्या एका दुकानातून नवीन म्हणून हार्डडिस्क घेतली, जुनीच निघाली, चार महिन्यांत गेली, तीन वर्षांचे लोकांचे स्कॅन गेले. दुकानदार म्हणे बिल कुठं आहे. बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागते म्हणाला होता, म्हणून मी घेतलंच नव्हतं.

सीताबर्डीचा रिपेअरवाला

मग या वेळी बिल घ्याच, १८ टक्के गेले तरी. अन दुकानातच तीन गोष्टी पाहा. पहिलं, विंडोजच्या रन मध्ये टीपीएम डॉट एमएससी लिहून २.० दाखवते का. दुसरं, क्रिस्टल डिस्क इन्फो हे सॉफ्टवेअर टाकून डिस्क किती तास चालली, हेल्थ किती टक्के आहे. तिसरं, कॅबिनेट उघडायला लावा, बोर्डावर फुगलेलं काही दिसलं की उठून या, मग तो कितीही कमी करू दे. आमच्याकडं घ्या असं मी म्हणत नाही, कुठंही घ्या पण हे पाहून घ्या.

दारव्हेकर

आठवी जनरेशन म्हणजे एकदम काठावरची. उद्या मायक्रोसॉफ्टनं अट अजून वर नेली तर हे मशीन पहिलं बाहेर पडेल. मी अजूनही म्हणतो की एसएसडी टाकून ऑक्टोबरपर्यंत काढा. तोवर पीक हाताशी आलं असेल, तेव्हा नवीनच घ्या.

बोंडअळी

ऑक्टोबरात सोयाबीन निघते, कापसाची तर सीतादही (पयल्या वेचणीची पूजा) बी नसते झाली. अन जुलैत पीक विम्याची गर्दी कोन सांभाळीन? रातच्या अकरा वाजेलोक लोकं उभे राह्यतात दुकानासमोर, तुमी पाह्यलं नसन.

दारव्हेकर

पाहिलं आहे भाऊ, मी पण रांगेतलाच आहे. सर्व्हर बंद असला की आय फाइव्ह पण तसाच बसून राहते.

पांढरकवडा रोड

सगळ्यांचं दोनदा वाचलं. बायकोसोबत बसून हिशोब केला. बियाण्याचे अन डीएपीचे पैसे आधी बाजूला काढले, दारव्हेकर भाऊंचं ते शंभर टक्के बरोबर आहे, त्याला हात नाही लावणार. उरले त्यात नवीन मशीन बसत नाही, ओढूनताणून बसवलं तर ईएमआय करावा लागते अन ते मला नको. रिफर्बिश बसते, वर एक यूपीएस पण बसते. जुलैच्या गर्दीच्या आधी मशीन हाताखाली रुळलेलं पाहिजे, ऑक्टोबर मला परवडत नाही. आठवी काठावरची आहे हे मान्य, दहावी मिळाली अन पैशात बसली तर ती घेईन.

जुन्या मशीनला एसएसडी आत्ता टाकत नाही. पोरगा फक्त टायपिंग अन झेरॉक्सला वापरेल, इंटरनेट काढून टाकतो त्याचं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं नागपूरला चाललो. दीडशे किलोमीटर आहे, परत परत जाणं होत नाही, म्हणून अंगठ्याचं मशीन पिशवीत घेऊन जातो, दुकानातच लावून पाहीन, ठसा आला तरच पैसे देईन. मावशींना निरोप दिला आहे की सोमवारी नका येऊ, बुधवारी या, अन सकाळीच या म्हणजे वेचणीला जाता येईल.

दारव्हेकर

जा मग. बिल घेजो, अन कीबोर्ड-माऊस वेगळे पैसे म्हटले तर देऊ नको, त्यातच मागजो.