मदत हवी आहे : लाँगयिअरब्येनला क्रूझ थांबणार आहे, आईला घेऊन गावात फिरता येईल का?

उत्तरायण
जुलैमध्ये आमची क्रूझ उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येन या गावी सकाळी पोहोचून संध्याकाळी निघणार आहे. जहाजातर्फे असणाऱ्या सर्व सहली भरल्याचे एजंटने आज कळवले आणि पुढे काय करायचे, याचे उत्तर त्याच्याकडून मिळत नाही. सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही. गावात आपले आपण फिरता येते का, पांढऱ्या अस्वलांचा धोका कितपत असतो आणि आईने पाहण्यासारखे काय आहे, एवढेच सांगावे. उरलेले पैसे याच आठवड्यात भरायचे आहेत.

सह्यभटक्या
जहाज कुठून सुटते आणि कुठे परतते? ते धक्क्याला लागणार आहे की नांगर टाकून छोट्या बोटींतून उतरवणार आहेत? आईंना काठी लागते की चाकांची खुर्ची? आणि व्हिसा कोणता आहे? हे कळल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही.

ठाणेकर काका
व्हिसाचा प्रश्न तेथे येतच नाही. १९२० साली झालेल्या स्वालबार्ड करारावर भारताच्या वतीनेही सही झालेली आहे आणि त्या द्वीपसमूहात कोणत्याही देशाच्या नागरिकाला व्हिसाशिवाय राहता येते. उगाच घाबरवू नये.

ट्रोम्सोकर
काका, आपण म्हणता ते स्वालबार्डपुरते खरे आहे, परंतु अडचण परतीच्या वाटेवर आहे. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. त्यामुळे मुख्य भूमीवरून तेथे जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे आणि परत येणे म्हणजे नव्याने प्रवेश करणे. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला तो दुसरा प्रवेश मिळत नाही.

उत्तरायण
व्हिसाबद्दल मी विचारलेले नाही, तो मिळालेला आहे. जहाज जर्मनीतील हॅम्बुर्गहून सुटून तेथेच परतते. आईला गुडघ्यांमुळे काठी लागते. कृपया मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावे.

सह्यभटक्या
मी तेथे जाऊन आलो आहे. गावाबाहेर बंदुकीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तसा कायदाच आहे. वाटाड्या ठरवा, दुसरा मार्ग नाही.

ट्रोम्सोकर
कायदा थोडा वेगळा आहे. वस्तीबाहेर जाणाऱ्याकडे अस्वलाला घाबरवून पिटाळण्याचे योग्य साधन असणे बंधनकारक आहे. बंदूक बाळगावी, ही प्रशासनाची शिफारस आहे. शिवाय २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. तथापि, उत्तरायण यांना वस्तीबाहेर जायचेच नाही. गावाच्या सीमेवर अस्वलाचे चित्र असलेले फलक आहेत. त्यांच्या आत आईंना घेऊन निर्धास्त फिरता येईल.

मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठीच आहे आणि दुकाने व उपाहारगृहे जवळजवळ आहेत. स्वालबार्ड संग्रहालय आवर्जून पाहावे. देवमासे मारण्याच्या काळापासून कोळशाच्या खाणींपर्यंतचा तेथील इतिहास त्यात नीट मांडला आहे. आत जाताना पादत्राणे काढावी लागतात. खाणकामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही प्रथा गावात अनेक ठिकाणी पाळली जाते, म्हणून आईंसाठी न वाकता काढता येतील असे बूट घ्यावेत. जुलैतही सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास असते. बियाण्यांचे जागतिक कोठार मात्र बाहेरूनच पाहता येते. टॅक्सी हवी असल्यास आधीच ठरवावी, कारण जहाज लागल्यावर ती मिळणे कठीण होते.

मांडवीतीर
इतक्या दूर जाता आहात तर भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र चुकवू नका. ते २००८ पासून तेथे आहे आणि त्याचे काम आमच्या गोव्यातील वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालते. आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.

ट्रोम्सोकर
अभिमान रास्त आहे, परंतु हिमाद्री स्वालबार्डमधीलच न्यू-ऑलेसुंद या दुसऱ्या वस्तीत आहे आणि लाँगयिअरब्येनहून तेथे जाणारा रस्ताच नाही. एका दिवसाच्या थांब्यात ते शक्य नाही. उत्तरायण, आपल्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात काय छापले आहे, तेवढे पाहून सांगा.

उत्तरायण
दोघांच्याही व्हिसावर ०१ असे आहे. एजंट म्हणतो की जहाजावरच्या प्रवाशांना कोणी विचारत नाही.

ठाणेकर काका
माझाही अनुभव असाच आहे.

ट्रोम्सोकर
काका, आपला व्हिसा अनेक प्रवेशांचा असेल तर कोणी अडवण्याचे कारणच नव्हते. क्रूझ जहाजांच्या प्रवाशांची यादी सीमा पोलिसांकडे आधीच जाते. उत्तरायण, उरलेले पैसे भरण्यापूर्वी ज्या दूतावासाने व्हिसा दिला त्यांना जहाजाचा पूर्ण मार्ग लेखी कळवून विचारणा करा आणि बहुधा नवा अर्ज करावा लागेल असे धरून चाला. एजंटचे म्हणणेही लेखी मागून घ्या. प्रवास विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च असावा, कारण गावातील रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला सुमारे हजार किलोमीटरवरील, नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रोम्सोला न्यावे लागते.

सह्यभटक्या
धक्क्याचे अजूनही कळलेले नाही. छोट्या बोटीत चढता-उतरताना लाटांमुळे पायरी खाली-वर होत राहते आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेच सर्वांत अवघड जाते. व्हिसाबरोबर हेही कंपनीला आजच विचारा.