हुमणीच्या शेपटाकडचा भाग काळा का असतो?

शिरोळचा_ऊसवाला: मंडळी, खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी लागलीय, बेटं पिवळी पडून धरली की मुळासकट हातात येत्यात. काल चार-पाच अळ्या काढून एक ब्लेडनं उभी चिरली. पुढं सगळं पांढरं, पण मागं एक फुगीर पिशवी, त्यात काळा चिखल. हा रोग आहे की माती? आणि दुकानदारानं बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर दिलीय, पोटात गेली की अळी मरते म्हणतोय, खरंय का?

मातीतला_माणूस: रोग नाही हो भाऊ, कातडी पातळ म्हणून आतलं दिसतंय एवढंच. पुढचं आतडं अगदी आखूड. मधलं लांब नळीसारखं, त्याच्याभोवती बारीक बोटांसारख्या पिशव्यांची तीन कडी असतात, नीट चिरलं तर दिसतील. आतला रस अल्कधर्मी, पीएच 8 च्या वरच. मागची काळी पिशवी म्हणजे मागचं आतडं, आणि खरी गंमत तिथं आहे, मुळाचा चोथा तिथं साठतो आणि आतले जिवाणू तो कुजवत बसतात, डिट्टो गोबरगॅसची टाकी! मातीही असतेच त्यात.

करवीर_कृषी: वरचं बरोबर. बीटीचं म्हणाल तर बाजारात जास्त करून कुर्स्टाकी जातीचं मिळतं, ते पतंगवर्गातल्या अळ्यांचं. त्याचं विष हुमणीच्या आतड्याला चिकटतच नाही, शिवाय तुम्ही फवारणार पानावर आणि ही खाली मुळात बसलीय. पैसे घालवू नका. मेटारायझियम वापरा, ती बुरशी पोटातून नाही, कातडीतून आत शिरते, त्यामुळं हुमणीनं काय खाल्लं याच्याशी तिचं देणंघेणं नाही. शेणखतात मिसळून द्या, ओल मात्र पाहिजे, आणि अळी लहान असतानाच, मोठी झाली की लई चिवट.

शिरोळचा_ऊसवाला: आयला, म्हणजे पुडा परत न्यायला लागतोय. पण एक, काल एका अळीचा मागचा भाग काळा नव्हताच, सगळीच पिवळसर होती, ती कुठली जात?

मातीतला_माणूस: जात तीच असंल. कोषात जायच्या आधी अळी खाणं बंद करून पोट रिकामं करते, मग काळं जातं. तिला आता औषध घालून उपयोग नाही, तिनं खायचं तेवढं खाल्लंय. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे, म्हणजे याच अळीचे मोठे झालेले किडे जमतात, तेव्हा फांद्या हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. शेजारच्यांनाही सोबत घ्या, एकट्याच्या रानात करून भागत नाही.