'त्रेसष्ट' की 'साठ तीन'? अभ्यासक्रमात काय यावं, हे ठरवायचं कुणी?

पाटीपुसणी
२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून झालेला गदारोळ आठवतोय? एकवीसपासून पुढच्या संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचायच्या, असं पुस्तकात आलं होतं. जुनी नावं काढली नव्हती, तीही छापलेली होती. पण व्हॉट्सॅपवर विनोदांचा पूर आला, विधिमंडळात मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचं 'फडण दोन शून्य' झालं आणि विषय हसण्यावारी गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारणं सांगत होत्या, ती ऐकायला कुणाला सवड नव्हती.

माझ्या मते तो बदल बरोबर होता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलरचे अभ्यासक्रम आखण्याबद्दलचे १९४९ चे चार प्रश्न बी.एड.वाल्यांनी पाठच केलेले असतात: काय साधायचंय, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने, आणि साधलं की नाही ते कसं कळणार. इथे साधायची होती स्थानिक किंमत. माझी भाची दुसरीत असताना 'त्रेसष्ट' ऐकलं की आधी ३ काढायची, डावीकडे बोटभर जागा ठेवून. मग त्या जागेत ६. घाईत जागा ठेवायची राहिली की झाले ३६! गणित येत होतं हो तिला. कानावर आधी एकक पडतो आणि हाताला आधी दशक लिहायचा असतो, त्यात पोर अडकायची. आणि एका तीनची सोंगं तरी किती: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. जोडाक्षरं धड न आलेल्या मुलाला 'त्र्याऐंशी' वाचायला लावतो आपण.

चावडीवाला
सोंगं कसली, भाषा आहे ती. आणि ती गणित समितीच्या नावावर कुणी केली? एसटीचा कंडक्टर 'त्रेसष्ट द्या' म्हणणार, वाणी 'त्र्याऐंशी झाले' म्हणणार. शाळेतून 'साठ तीन' शिकून आलेलं पोर तिथे काय करणार? आमच्या सात पिढ्या एकोणपन्नास-एकोणसाठ करत मोठ्या झाल्या, कुणाचा हिशेब चुकला नाही. आणि पाढ्यांचं काय? 'तेरा साते एक्क्याण्णव'ला ठेका आहे. 'तेरा साते नव्वद एक' त्या ठेक्यात म्हणून दाखवा, मी हरलो.

पाटीपुसणी
माझी आजी 'चौदा आठे बारोदरसे' म्हणायची. तुम्ही म्हणता का? आपण सगळे 'एकशे बारा' म्हणतो. शंभराच्या वर बारा, हा क्रम आपण कधीच उलटा करून टाकला आणि मराठी बुडाली नाही. गंमत बघा, 'एकशे एकवीस' म्हणताना आपण आधी शतक, मग एकक, मग दशक बोलतो. मधल्यामध्ये कोलांटी.
(सात पिढ्यांचे हिशेब चुकले नाहीत? सावकारांच्या वह्या कुणी तपासल्या म्हणे?)

सीमेवरचा
आमच्या घरी आई कन्नडमध्ये मोजते, शाळा मराठी. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु', म्हणजे सरळ वीस-एक. त्यामुळे संख्या लिहिताना मी कधी उलटापालट केली नाही, हे खरं. पण हातच्याच्या वजाबाकीत मीही इतरांइतकाच मार खाल्ला. नावं सोपी झाली की पुढचं सगळं सोपं होतं, असं काही नाही.

खडूधूळ
मी तेव्हा दुसरीच्याच वर्गावर होते. पाटीपुसणी, तुमचा पहिला प्रश्न पक्का आहे, चौथा मात्र तुम्ही वाचून सोडून दिलात. पुस्तक बदललं, पण आमच्याकडे तोंडी परीक्षेत कुठलं नाव बरोबर धरायचं, हे कुणी सांगेना. फाटकात पालक वही नाचवत उभे: "बाई, हे साठ तीन काय काढलंय?" दोन नावं छापल्यावर माझ्या वर्गातल्या कच्च्या मुलांना दोन्ही पाठ करावी लागली. ओझं वाढलं की कमी झालं?

अभ्यासक्रम (शिकवण्याची सगळी आखणी) वेगळा, पाठ्यक्रम (विषयात शिकवायच्या घटकांची यादी) वेगळा, पाठ्यपुस्तक वेगळं, हे आपण डी.एड.च्या पेपरात लिहितो आणि विसरतो. घरी पोचतं फक्त पुस्तक. मग त्यालाच लोक अभ्यासक्रम समजतात, यात त्यांचा काय दोष?

वर्गात मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्यायची. मुलं आपणहून म्हणायची, "सहा गठ्ठे तीन काड्या." तिथून 'साठ आणि तीन', आणि मग एके दिवशी 'त्रेसष्ट'. हे पुस्तकाच्या आधीपासून चालू होतं. अभ्यासक्रमावर काम केलेली शिक्षणतज्ज्ञ हिल्डा टाबा म्हणायची की अभ्यासक्रमाची सुरुवात शिक्षकांपासून व्हावी. आम्हाला आधी विचारलं असतं तर हे शिक्षक हस्तपुस्तिकेत गेलं असतं आणि कुणी हसलंही नसतं.

चावडीवाला
मग मी काय वेगळं म्हणतोय? 'साठ तीन' बाईंच्या गठ्ठ्यांत राहू दे. पुस्तकात त्रेसष्टच.

पाटीपुसणी
आणि ज्या वर्गात अशा बाई नाहीत तिथे? हस्तपुस्तिका कपाटात जाते, पुस्तक निदान दप्तरात तरी जातं. पालकांना आधी सांगायला हवं होतं, हे मात्र मान्य. तोंडी परीक्षेचंही मान्य.

चावडीवाला
दप्तरात जातं म्हणूनच जपून छापा म्हणतोय. ठेक्याचं अजून कुणी करून दाखवलेलं नाही, नोंद असावी.

खडूधूळ
ठेका तुमचाच, दिला. 'एकोण'ची मजा मात्र राहिली. पाच गठ्ठे नऊ काड्या ठेवल्या तेव्हा एक मुलगा म्हणाला, यात साठ कुठेयत? मी एक काडी उसनी दिली, सहावा गठ्ठा बांधला, परत काढून घेतली. "साठला एक कमी!" असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. आठवड्याने त्यानेच विचारलं, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"
मी म्हटलं, विचारून सांगते. तो आता आठवीत असेल.