गड्ड्यातला डायनासोर खोटा म्हटलं तर पोरगी माझ्यावरच हसली

होममैदानकर: यंदा गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत, पाळण्यांशेजारी फायबरचा डायनासोर होता. मान डुलवायचा, स्पीकरमधून डरकाळी, अंगाला हिरवा ऑइलपेंट. पुतणीला म्हटलं, यांच्यातल्या काहींना पिसं होती. तर म्हणाली, "काका, काहीपण! मी पिक्चरमध्ये बघितलाय की." संपला विषय! १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ने माणसाच्या उंचीचा, बिनपिसांचा व्हेलोसिरॅप्टर दाखवला. खरा कमरेलाही लागला नसता. वजन १५-२० किलो, म्हणजे आपल्या नान्नज अभयारण्यातल्या नर माळढोक पक्ष्याच्या जवळपास. त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रुजायच्या गाठी होत्या, हे २००७ मध्येच छापून आलंय. तीस वर्षं पिक्चरवाले चुकीचं पाठ करून घेतायत.

बाळीवेस_बॉय: काय बे, १९९३ ला पिसांचा पुरावा होता कुठे? चीनमधला पिसांचा डायनासोर, सिनोसॉरोप्टेरिक्स, १९९६ चा. त्यांना काय स्वप्न पडणार होतं? २००१ च्या तिसऱ्या भागात रॅप्टरच्या डोक्यावर चार पिसं लावलीच की. आणि शाळेच्या पुस्तकातला डायनासोर कुणाला आठवतो? आम्ही हिंदीत डब केलेला पिक्चर बघून आलो आणि आठवडाभर वाड्यामागं खणत बसलो. सापडलं काय, तर कोंबडीचं हाड. पण खणलं ना!

होममैदानकर: पिसांचं मान्य. मापाचं काय? ते तेव्हाही माहीत होतं. अंग डायनोनिकस या मोठ्या भाईबंदाचं घेतलं आणि नाव व्हेलोसिरॅप्टरचं चिकटवलं. त्याच पिक्चरमधल्या डायलोफोसॉरस डायनासोरची मानेची झालर, विषाची पिचकारी, सगळं मनाचं.

काळा_पाषाण: दोघंही परदेशी जनावरांवरून भांडताय. आपल्याकडचा डायनासोर राजासॉरस कुणी ऐकलाय का? गुजरातेत रहियोलीला हाडं सापडली, २००३ ला नाव दिलं. चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुऱ्याला तर डायनासोरच्या शेणाचे दगड मिळतात. शेणावर कोण पिक्चर काढणार म्हणा! माझी तक्रार चुकीपेक्षा या न दाखवण्याची आहे.
@बाळीवेस_बॉय, वाड्यामागं मिळणारच नव्हतं. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे, थरावर थर.

बाळीवेस_बॉय: म्हणजे आठवडा फुकट गेला म्हणा.

होममैदानकर: कशाला फुकट? पक्षी डायनासोरांचेच वंशज. तुला सापडलं होतं बे, तू फेकून दिलंस.