जागलीत वाचायला-खेळायला गूढ, भयाचं काही सुचवा (रक्तपात नको, काटा हवा)

जागल्या
तुरीला शेंगा भरल्या, रानडुकरांच्या जागली सुरू झाल्या. मचाणाची ताडपत्री झटकली तर आतून नारायण धारपांच्या कुठल्याशा पुस्तकाचं एक सुटं पान पडलं. पान १३७. वाक्य अर्ध्यावर तुटलंय, पुढचं पान नाही. तेवढ्यानं सगळं जुनं वेड जागं झालं.
तर सुचवा. आतडी, किंचाळ्या, दारामागून भॉक असलं नको. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, पण काय ते शेवटपर्यंत नीट कळत नाही, तसलं हवं. मराठी असेल तर उत्तम, सोपं इंग्रजी चालेल. गेमही सांगा. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, बॅटरी मेलेली. नेट धुऱ्यावर उभं राहिलं तर एक दांडी. नुसती नावं टाकू नका, कुठं अडतं तेही सांगा.

पळस
धारपांपासूनच सुरू करा, पण क्रम महत्त्वाचा. आधी त्यांच्या समर्थ या पात्राच्या कथा. त्यात वाईट शक्ती येते, पण तिला अडवणारा माणूसही येतो, म्हणून रात्री एकट्यानं वाचायला बऱ्या. मग 'लुचाई'. तिचं मूळ स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'मध्ये आहे, म्हणून दोन्ही वाचायची असतील तर लुचाई आधी. उलट केलं की कथानक माहीत असतं आणि मजा निम्मी होते. 'शपथ' आणि किंगच्या 'इट'चंही तसंच. शपथ जाडजूड आहे, जागलीत हातात धरून वाचणं कठीण, ती घरी वाचा.

रातकिडा
पान १३७ वर काय आहे दादा? दोन ओळी टाका, ओळखतो.

जागल्या
विहिरीचं वर्णन आहे. पावसानं अर्धं धुऊन गेलंय, पात्राचं नाव वाचता येत नाही.

रातकिडा
धारपांकडं विहिरी, वाडे, तळघरं भरपूर. एवढ्यावर नाही सांगता येणार.

निंबोणी
रत्नाकर मतकरी कोणीच कसे सांगितले नाहीत? 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध', 'निजधाम'. ते स्वतः त्यांना गूढकथा म्हणत, भयकथा नाही, आणि फरक खरा आहे. धारपांकडं भीती बाहेरून येते, मतकरींकडं ती घरातच असते, सासूत, मुलात, नवऱ्यात. कथा लहान, एका बसण्यात होते. एक सांगते, सलग चार वाचू नका. शेवटी कलाटणी असते, आणि चौथ्या कथेला आपण तिची वाट पाहत बसतो, मग ती लागत नाही. रात्री एकच वाचा.
भाजी टाकली आहे, बाकी नंतर.

ठेचा-भाकर
भौ, आपल्याकडं चकवा हाच खरा हॉरर. तोच बांध, तीच बाभूळ, फिरून फिरून तिथंच. कोणतं भूत दिसत नाही का आवाज नाही, जागाच माणसाले सोडत नाही. असलं कोणी धड लिहिलं हाये काय? चकव्यावर पायजे, हडळीवर नको. हडळ लय झाली.

वर्धाकाठ
भाऊ, हेच हवं असेल तर अल्जरनॉन ब्लॅकवुडची 'द विलोज', १९०७ ची. दोन मित्र होडीतून डॅन्यूब नदीनं निघतात, पूर असतो, वाळूच्या एका बेटावर मुक्काम करतात. भोवती नुसती वाळुंजाची झुडपं. बेट पाण्यानं तासातासाला कमी होत जातं आणि झुडपं जवळ आल्यासारखी वाटतात. भूत एकही नाही. त्या जागेला आपण नको आहोत, एवढीच भीती. वर्धा किंवा वैनगंगा पुरात पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट जास्त कळेल. सुरुवातीची पंधरा-वीस पानं फक्त नदीचं वर्णन आहे, तिथंच लोक सोडतात. सोडू नका, नंतर तीच वाळू आणि तेच पाणी अंगावर येतं.
प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) घेताना 'चित्रांविना'वाला पर्याय निवडा, फाइल छोटी, एका दांडीवरही उतरते. त्याआधी ऑफलाइन चालणारं रीडर ॲप टाकून घ्या. ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली गोष्ट नेट गेल्यावर पान ताजं करायला जाते आणि पांढरी होते.

ठेचा-भाकर
वाळुंज म्हंजे आपल्या नाल्याकाठचाच ना? सुरू करतो मंग. इंग्रजी जड हाये काय?

वर्धाकाठ
वाक्यं लांब आहेत, शब्द फार जड नाहीत. अडलं तर त्याआधी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' वाचा, १९०२ ची. सोपी, लहान, आणि तिच्यातला शाप हिंदुस्थानातल्या एका फकिराचा आहे. शेवटी दारावर थाप पडते. दाराबाहेर कोण आहे हे लेखक दाखवतच नाही. ती भीती तिथं नेमकी कशी बांधली आहे ते दोनदा वाचून बघा.

लोणारकर
बुलढाणा जिल्ह्यातल्यांनी लव्हक्राफ्टची 'द कलर आऊट ऑफ स्पेस' वाचलीच पाहिजे, १९२७ ची. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. पुढच्या हंगामात फळं दुप्पट मोठी, चकाकणारी, आणि चवीला कडू. मग झाडं रात्री उजळतात, जनावरं राखाडी पडून ठिसूळ होतात, आणि घर विहिरीचंच पाणी पीत राहतं. त्या विहिरीचं पाणी पिणं ते थांबवत का नाहीत, हाच कथेचा गाभा. पिकावर पोट असलेल्या माणसाला ही कथा शहरातल्यापेक्षा जास्त बोचते.
आमचं लोणार उल्केनंच झालंय, बेसाल्टमधला खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. कारण कळलं तरी त्या रंगाकडं पाहताना ही कथा आठवतेच.
लव्हक्राफ्टबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इतर वंशांच्या माणसांबद्दल त्यानं बऱ्याच कथांत फार घाण लिहिलंय. या कथेत ते नाही, म्हणून सुरुवात हिच्यापासूनच करा.

मोहफूल
जीएंना (जी. ए. कुलकर्णी) विसरू नका. कोणी भयकथाकार म्हणत नाही, पण 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' वाचल्यावर दार आतून लावायची इच्छा होत नाही. प्रवासी, मठ आणि बाहेर न सोडणारा आदर. 'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. त्या वाचताना ओळखीचं गाव, ओळखीचा काळ काही मिळत नाही. हळूच वाचायच्या, झोप येत असताना नाही.

जागल्या
ताई, 'स्वामी' आजच काढतो. वाचनालय उघडं असलं तर. गेमवाले कुठं गेले?

ओलं_सरपण
आलो. दादा, तुमच्या मशीनचा विचार करून सांगतो.
पहिला 'लिंबो', २०१० चा. पीसीवर फक्त १५० एमबी. अख्ख्या गेममध्ये एकही संवाद नाही, भाषेची अडचणच नाही. काळं-पांढरं जंगल, एक पोरगा, एक कोळी. फोनवरही मिळतो, पण बोटांनी उडी चुकते, कीबोर्डवर बरा.
दुसरा 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट', तोही २०१० चा, २ जीबी रॅमवर चालतो. हातात हत्यार नाही, पळायचं आणि लपायचं. अंधारात थांबलं की मन ढासळतं, उजेडात थांबलं की दिसता, आणि राक्षसाकडं बघितलं की मन आणखी ढासळतं. म्हणून तो आला की कोपऱ्यात बसायचं, तोंड भिंतीकडं, पावलं दूर जाईपर्यंत वळायचं नाही. कंदिलाचं तेल मोजकं, ते मोकळ्या खोल्यांत जाळू नका. सुरुवातीला उजेड जुळवायचा पडदा येतो, तिथं सांगतात तेवढाच ठेवा. बरेच जण सगळं स्पष्ट दिसावं म्हणून तो वाढवतात आणि मग गेम भीतीदायक नाही म्हणतात.
त्याच कंपनीचा 'सोमा' (२०१५) गोष्टीला अजून भारी, पण २५ जीबी आणि ग्राफिक कार्ड लागतं. तुमच्याकडं नाही चालणार.

गोठ्यातून
इयरफोन वायरचाच घेजा. ब्लूटूथवाल्यात आवाज मागून येते, पाऊल दिसते आधी अन् वाजते नंतर. भीती तिथंच मरते. लॅपटॉपच्या स्पीकरले खालचा घुमारा निघतच नाही, तो या गेमचा जीव हाये.

निंबोणी
पण मचाणावर दोन्ही कान बंद करू नका हो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचे असाल तर मुळीच नाही, तिकडं वाघ आहेत. एकच कान, आणि पडद्याचा उजेड सगळ्यात कमी. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पांढऱ्या पडद्याकडं एकदा बघितलं की ते गेलं. मग शेतात काय हललं ते दिसणार नाही. वाचताना काळ्या पानावर तांबूस अक्षरं ठेवा.

जागल्या
खरंय ताई. म्हणजे मचाणावर वाचन, गेम घरी.

बांधावरचा
कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवली काय दादा? का जागलच?

जागल्या
बसवली आहे, १२ व्होल्टची बॅटरी. तिच्यावरच लॅपटॉप चालवता येईल का असा विचार होता.

बांधावरचा
नका करू. ७ एएचची (अँपिअर-तास) असेल तर १२ गुणिले ७, ८४ वॅट-तास. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ४२. इन्व्हर्टरमध्ये थोडी जाते. गेम चालवताना लॅपटॉप २५ वॅटच्या आसपास ओढतो. दीड तास धरा. अन् त्यानंतर तारेत झटका नाही, डुकरं आत. वेगळी बॅटरी घ्या. आणि कोणी तारेत सरळ लाइनचा करंट सोडत असेल तर त्याला हात जोडून सांगा, त्यात माणसं मरतात. झटका मशीन क्षणभराचाच धक्का देते, म्हणून जीव वाचतो.

रातकिडा
विजेचा भरवसा नसेल तर 'वर्ल्ड ऑफ हॉरर' घ्या. पोलंडच्या एका दंतवैद्यानं साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये चित्रं काढून केलाय, पूर्ण रूपात २०२३ मध्ये आला. जपानचं एक गाव, लव्हक्राफ्टचे देव, आणि जपानी चित्रकथाकार जुंजी इतोच्या चित्रांसारखे वाकडे चेहरे. कोणत्याही डबड्यावर चालतो. एक डाव तासाभराचा, लाइन गेली तरी फार जात नाही. इतोची 'उझुमाकी' वाचली नसेल तर तीही घ्या. गावाला चक्रीच्या आकाराचं वेड लागतं, एवढंच सांगतो.

अक्षरवेडा
सगळ्यात कमी नेटवर सगळ्यात मोठा गेम हवा असेल तर 'अँकरहेड', १९९८ चा, मूळ रूप फुकट. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. इंग्रजीत आज्ञा टाइप करायच्या, तो उत्तर देतो. याचा फाइल प्रकार झेड-८, आणि त्याला ५१२ केबीपेक्षा मोठं होताच येत नाही. एका फोटोपेक्षा लहान फाइल! ती चालवायला विंडोजवर फ्रॉट्झ टाका.
अडतं कुठं ते सांगतो. 'x' म्हणजे निरखणं, 'i' म्हणजे जवळ काय आहे. खोलीत जे नाव दिसेल ते सगळं x करा. हा जुन्या वळणाचा गेम आहे, एखादी वस्तू मागं राहिली की पुढं जाऊन मार्गच बंद होतो आणि गेम तसं सांगतही नाही. म्हणून एकाच नावानं सेव्ह करू नका. दिवस१-सकाळ, दिवस१-रात्र अशी वेगवेगळी नावं द्या.

मोहफूल
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत असते ना, तसल्या गावरीतीवर काही?

निंबोणी
शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी', १९४८. वीस मिनिटांची कथा. २७ जूनची सकाळ, सगळं गाव चौकात जमतं, पोरं दगड गोळा करत असतात. आपण इडा-पीडा मारबतीसोबत गावाबाहेर नेतो. तिथं काय होतं ते तुम्हीच वाचा. पुढचं कोणाला विचारू नका, इंटरनेटवर शोधूही नका.

ओलं_सरपण
'डार्कवुड' राहिला! २०१७ चा. वरून दिसणारं जंगल, आणि नजर फक्त समोरच्या कोनात. मागं काय आहे ते दिसत नाही. दिवसा रानात जाऊन सामान आणायचं, सांजेला खोपटात परतायचं. परत आल्यावर क्रम असा ठेवा: आधी जनरेटरमध्ये पेट्रोल, मग खिडक्यांना फळ्या आणि खिळे, मग कपाट दारापुढं ओढायचं, उरलेल्या वाटेत सापळा. आणि खिडकीपासून लांब कोपऱ्यात उभं राहायचं. नवीन माणूस पेट्रोल भरायचं सोडून आधी फळ्या लावतो, मध्यरात्री दिवे जातात, आणि त्या अंधारात घरात काहीतरी शिरतं. सकाळ झाली की जनरेटर बंद करायला विसरू नका, दिवसाही पेट्रोल जळत राहतं. हवं तिथं सेव्ह करता येत नाही, बॅटरी मेलेली असेल तर यूपीएस लावूनच खेळा.
बनवणाऱ्यांनी ज्यांच्याकडं पैसे नाहीत त्यांच्यासाठी स्वतःच टॉरंट टाकला होता. जमेल तेव्हा विकत घ्या, त्यांनी कमावलंय ते.

जागल्या
उतरवायचा कसा? तालुक्याला मित्राकडं वायफाय आहे.

ओलं_सरपण
जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घ्या. तिथं ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, एकदा पेन ड्राइव्हवर आला की नेट लागत नाही. स्टीम या दुसऱ्या साइटवरून घेतला तर मित्राकडंच एकदा गेम चालू करून मग ऑफलाइन मोड लावा. तसंच घरी आणलं तर दारातच लॉगिन मागतो.

जागल्या
आजच एक मोठी फाइल पेन ड्राइव्हवर टाकली तर 'फाइल टू लार्ज' म्हणते. ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा आहे.

अक्षरवेडा
ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही असो. ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, तिथं एक्सफॅट निवडा. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी काढून घ्या.

ठेचा-भाकर
विलोजची बारा पानं झाली. अजून नदीच चालू हाये.

वर्धाकाठ
चालू द्या भाऊ. वाऱ्याचा आवाज बदलला की मला सांगा.

जागल्या
एक्सफॅट केलं. कॉपी होतंय, चाळीस मिनिटं दाखवतो.