एक कलाकार, एकच गाणं : तुमच्या नव्वदच्या कॅसेटवर काय असतं?

तळ्याकाठी
काल मोनोना टेरेसच्या गच्चीवर गेले होते. अमेरिकेत मॅडिसनला येऊन सहा वर्षं झाली, पण तिथली सोल गायक ओटिस रेडिंगची ती पाटी काल पहिल्यांदा नीट उभं राहून वाचली. समोर तळं गोठलेलं, माणसं बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसलेली. याच तळ्यात १० डिसेंबर १९६७ ला ओटिस रेडिंगचं विमान पडलं. क्लीव्हलंडहून इथे कार्यक्रमाला येत होता. वय २६. सोबत बार-केज या बँडची मुलं होती, जेमतेम विशीच्या आसपासची. त्यातला ट्रम्पेटवाला बेन कॉली तेवढा वाचला, विमानातली सीटची उशी धरून. 'डॉक ऑफ द बे' रेकॉर्ड होऊन काही दिवसच झाले होते. जानेवारीत ते बाजारात आलं आणि पहिल्या नंबरवर गेलं. ते बघायला ओटिस नव्हता.

पाटी वाचली आणि एकदम १९८९ चं पुणं आठवलं. मी नववीत. दादा इंजिनिअरिंगला होता, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचा. मी मे महिन्यात सांगलीहून त्याच्याकडे जायचे. त्याच्या रूम पार्टनरचे मामा बोटीवर होते, ते एलपी आणायचे. कॅम्पात एक दुकान एलपीवरून कॅसेट भरून द्यायचं. पैसे एकाच कॅसेटपुरते होते, टीडीकेची नव्वद मिनिटांची. म्हणून दोघांनी नियम केला: एक कलाकार, एकच गाणं. मग तीन संध्याकाळी भांडण. दादाने वहीच्या मागच्या पानावर मिनिटं मांडली होती, एका बाजूला पंचेचाळीस. ओटिसवरून तर अबोला व्हायची वेळ आली. दादा 'डॉक ऑफ द बे' म्हणे, पार्टनर 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'. शेवटी दादाचं राहिलं, ए बाजूचं शेवटचं गाणं म्हणून.

पण टेप पुरली नाही. गाणं संपत आलं की खट्. कित्येक वर्षं मला माहीतच नव्हतं की शेवटी शीळ आहे. २००३ मध्ये पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, आणि ती शीळ आधी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. भास म्हणून सोडून दिलं.

तर सांगा. रॉक किंवा सोल, नियम दादाचाच. नुसती यादी नको, का ते लिहा.

घाटरस्ता
मी वाईची. लहानपणी एसटीने पाचगणीला कितीदा गेले असेन, कुणी कधी सांगितलं नाही की इथल्या सेंट पीटर्समध्ये क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी शिकला. फारुख बलसारा, झांझिबारचं पारशी कुटुंब. शाळेत द हेक्टिक्स नावाचा बँड होता त्यांचा, हा पियानोवर. मला हे कॉलेजात कळलं आणि इतकी हळहळले! आपल्या घाटातल्या धुक्यातून तो मुलगा गेलाय.

माझं गाणं 'समबडी टु लव्ह'. १९७६. त्याला अरीथा फ्रँकलिन फार आवडायची, तिच्यासारखं गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भजन, करायचं म्हणून हे लिहिलं. मागे अख्खं चर्च गातंय असं वाटतं ना? ते तिघंच आहेत, फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, पुन्हापुन्हा स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत गेलेले.

सव्वापाचची_लोकल
घाटरस्ता, क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नाही??? निषेध!

घाटरस्ता
५ मिनिटं ५५ सेकंद गं. दादाच्या वहीत बसायला नको का :)

सव्वापाचची_लोकल
माझ्यासाठी बसवा. बाकी डोंबिवली आली, नंतर लिहिते.

पायपेटी
लेड झेपेलिन. सगळे 'स्टेअरवे' म्हणतील. मी 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' म्हणतो, १९७०. हेडफोन लावून ऐका, ड्रमच्या पेडलची कुरकुर ऐकू येते. बॉनमच्या पायाखालचं पेडल कुरकुरतंय आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. आमचे आजोबा संगीत नाटकाच्या कंपनीत पायपेटी वाजवायचे. शेवटी शेवटी ती पेटी घरी आली, तिच्या भात्याचं पायाखालचं फळकूट असंच कुरकुरायचं. आजी तेल घालू का विचारायची, ते म्हणायचे राहू दे, त्याच्यावर लय धरतो मी. पहिल्यांदा हे गाणं ऐकलं तेव्हा एकटाच खोलीत उठून उभा राहिलो होतो.

आणि हो, झेपेलिनचे पेज आणि प्लँट १९७२ साली मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' वाजवून गेले. ती ध्वनिमुद्रणं २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. जरूर ऐका.

कोरी_पाटी
मुंबईचा विषय निघालाच आहे तर बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. 'द इनर लाइट'चं वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत झालं, आपल्या वादकांनी केलेलं. गाणं अडीच-पावणेतीन मिनिटांचं. पण बीटल्सचं एकच निवडायचं म्हणजे घरात पानिपत. नवरा 'समथिंग', मुलगी 'हिअर कम्स द सन'. म्हणजे दोन्ही जॉर्जचीच! लेनन-मॅकार्टनीला आमच्या घरात मत नाही.

उंबरठा
ताई, ओटिसचं काढलंत तर 'रिस्पेक्ट'चं बोलायलाच हवं. मूळ गाणं त्याचं, १९६५. त्यात पुरुष म्हणतो, मी कमावून आणतो, घरी आलो की मान दे. अरीथाने १९६७ मध्ये तेच गाणं घेतलं आणि बाईच्या तोंडी घातलं. एकेक अक्षर सुटं करून मान मागते ना, ते ओटिसच्या गाण्यात नाहीच, ते तिचं. मागे गाणाऱ्या तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. गाणं तिचंच झालं, कायमचं.

पण माझ्या कॅसेटवर अरीथाचं 'रिस्पेक्ट' नसेल. १९७२ चं 'अमेझिंग ग्रेस' असेल, तेच नाव असलेल्या अल्बममधलं. लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायली होती, समोर साधी माणसं. एक ओळ दहा मिनिटं खेळवते. आणि लोक गप्प बसत नाहीत, ती एक शब्द टाकते, लोक उचलतात, कुणी ओरडतं, कुणी रडतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावचा काकडा आठवला. बाबा भजनी मंडळात होते. बुवा ध्रुवपद अर्धं सोडायचे आणि मागचे टाळकरी ते उचलायचे, त्यात बुवांना श्वास मिळायचा. अगदी तेच. भाषा कळायची गरज पडली नाही. बाबांना ऐकवलं, ऐंशीच्या पुढचे ते. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाई माळकरी आहे."

तळ्याकाठी
उंबरठा, अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांग.

थर्ड_शिफ्ट
ब्रेक मध्ये लिहितोय, पंधरा मिनट आहेत. बिल विदर्स, एन्ट नो सनशाइन, १९७१. हा माणूस कारखान्यात होता, विमानातल्या संडासाच्या सीट बनवायचा. पहिल्या रेकॉर्डवर फोटो आहे त्यात हातात जेवणाचा डबा. मधे 'आय नो' एवढंच २६ वेळा म्हणतो, तिथं दुसरे शब्द लिहायचे होते, बरोबरचे वादक बोलले असंच ठेव. आमच्या लाइनवर मशिन तसंच चालतं, तेच तेच तेच, आणि डोक्यात घरचं कायतरी चालू असतं. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही पडली त्या गाण्यात काय आहे. माझी बायको बाळंतपणाला माहेरी होती चार महिने तेव्हा रोज जाताना बसमधे ऐकायचो. बेल झाली

घाटरस्ता
थर्ड_शिफ्ट, काय लिहिलंयस. मुलगा की मुलगी?

थर्ड_शिफ्ट
मुलगी. आता ३ वर्षाची

वूडवर्ड_अव्हेन्यू
डेट्रॉइटजवळ राहतो, त्यामुळे हिट्सव्हिलला, म्हणजे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या जागी, चारदा गेलोय. मोटाउन म्हणजे काहीतरी मोठी वास्तू असेल असं वाटतं, तर ते रस्त्याकडेचं साधं घर. आत स्टुडिओ, फार अरुंद, त्याला वादक सापांचा खड्डा म्हणायचे. मी आत उभा राहिलो तेव्हा आमच्या लालबागच्या खोलीची आठवण झाली, नऊ माणसं होतो तिथे.

मार्विन गेचं एकच म्हणजे 'व्हॉट्स गोइंग ऑन', दुसरं कुणी सांगितलं तरी ऐकणार नाही. 'ग्रेपव्हाइन' खूप मोठं गाणं, मान्य. पण बघा, फोर टॉप्सच्या ओबी बेन्सनने बर्कलीत पोलिसांनी पोरांना मारताना पाहिलं, तिथून ते गाणं सुरू झालं. मार्विनचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतलेला, त्याचं सांगणं त्यात उतरलं. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी म्हणाले हे चालणार नाही. मार्विन अडून बसला. आणि जेम्स जेमरसनचा बेस! असं सांगतात की तो इतका प्यायलेला होता की जमिनीवर आडवा पडून वाजवला. एकदा फक्त बेसवर लक्ष ठेवून ऐका, बाकी सगळं सोडून द्या.

२००९ मध्ये माझी नोकरी गेली, इथे गल्लीगल्लीत तेच चाललं होतं. बायकोला आठवडाभर सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि नदीकाठी गाडी लावून हेच ऐकायचो. आठव्या दिवशी तीच म्हणाली, डबा परत येतोय तसाच, काय झालंय? मग गाडीत बसून दोघांनी ऐकलं.

शेवंती
वूडवर्डदादा, वाचून गलबलले.
लिहू की नको करत होते. ह्यांचा जीव डायर स्ट्रेट्समध्ये. २००५ ला त्यांचा मार्क नॉफ्लर मुंबईला आला तेव्हा आम्ही नाशिकहून गेलो होतो, मुलगा सासूबाईंकडे ठेवून. लग्नानंतर दोघंच असे बाहेर पडलो ते पहिल्यांदा. ह्यांचं गाणं 'ब्रदर्स इन आर्म्स'. २०२१ मध्ये हे गेले. ते गाणं मला आता लावता येत नाही. मी 'रोमिओ अँड ज्युलिएट' लिहिते, ते माझं होतं, आमच्यात त्यावरून वाद व्हायचा. हे म्हणायचे तुला फक्त सुरुवातीची तार आवडते. हो, तीच आवडते.

उंबरठा
शेवंतीताई, कॅसेटवर दोन्ही राहू देत. तुमच्यासाठी नियम नाही.

तळ्याकाठी
अगदी. दोन्ही.

सव्वापाचची_लोकल
आले. पोळ्या झाल्या. शेवंतीताई, मिठी.
माझं ऱ्हिदम हाउस लिहायचं होतं. काळा घोड्याचं गाण्यांचं दुकान. ऑफिस फोर्टात, पगार झाला की तिथे. हेडफोन लावून उभं राहायचं आणि काहीही विकत न घेता बाहेर पडायचं, कुणी कधी हटकलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात गेले, मांडण्या अर्ध्या रिकाम्या. जॅनिस जॉप्लिन घेतली. 'पीस ऑफ माय हार्ट'. उंबरठा, तू अर्माचं नाव घेतलंस ना, हे गाणं आधी तिनेच गायलं होतं, अरीथाच्या बहिणीने, १९६७ मध्ये. जॅनिसने पुढच्या वर्षी. मी अर्माचं नंतर ऐकलं आणि तीन दिवस गप्प होते. आता एक निवडायचं झालं तर अर्माचं. जॅनिसचं मग 'मी अँड बॉबी मॅगी', तिच्या शेवटच्या दिवसांतलं.

कोरी_पाटी
तळ्याकाठी, धाग्याशी संबंध नाही पण विचारते, भाचा ऑगस्टमध्ये एमएसला मॅडिसनला येतोय. थंडीचं जाकीट इथून न्यावं का?

तळ्याकाठी
अजिबात नको, इथेच घ्यायचं. इथून... म्हणजे तिकडून फक्त मेतकूट आणि कुकर. वीकेंडला माझ्याकडे जेवायला पाठव.

पायपेटी
पिंक फ्लॉइड कुणीच नाही? 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', पहिला भागच साडेतेरा मिनिटांचा. वहीत बसत नसेल तर बी बाजू रिकामी करा. ५ जून १९७५ ला ते अॅबी रोडला असताना त्यांचा जुना गायक सिड बॅरेट स्वतःच तिथे येऊन उभा राहिला, जाड झालेला, भुवया काढलेल्या, आणि त्याच्या जुन्या मित्रांनी त्याला ओळखलं नाही. ज्याच्यासाठी गाणं, तो समोर. मी हे मित्रांना सांगायला लागलो की अजून आवाज बसतो.

वूडवर्ड_अव्हेन्यू
पायपेटी, साडेतेरा मिनिटांत माझी चार मोटाउन बसतात. पण बसवा.

थर्ड_शिफ्ट
टेप अडकली की पेन्सिल कोण वापरायचं

सव्वापाचची_लोकल
पेन्सिल सैल बसते. षटकोनी बॉलपेन!

घाटरस्ता
बॉलपेन +१. आणि हेड पुसायला स्पिरिट, कापूस आईच्या वातींच्या डब्यातला.

तळ्याकाठी
दादाला फोन केला. सांगलीला आहे, आता रिटायर झालाय. सगळा धागा वाचून दाखवला, शेवंतीताई, तुमचं वाचताना तो मध्येच पाणी प्यायला उठला.

मग गाणं तुटल्याचं विचारलं. म्हणाला, दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, अर्धा मिनिट कमी पडतंय, एक गाणं काढा नाहीतर शेवट जाईल. पार्टनरला विदर्स काढवेना, दादाला मार्विन. तेव्हा दादाच म्हणाला, शेवटी नुसती शीळच आहे ना, ती मी वाजवेन.

आणि वाजवायचा. खट् झालं की कॅसेट काढून उलटी करेपर्यंत तो शीळ घालायचा, रोज. मला वाटायचं ती त्याची सवय आहे. चौदा वर्षांनी गाण्यात ऐकली तेव्हा ओळखीची वाटली ती तीच.

फोनवर घालून दाखवली त्याने. दात गेलेत दोन, वारा जास्त येतो. ओटिसबरोबर ते गाणं लिहिणाऱ्या क्रॉपरने तो गेल्यावर त्या गाण्यात लाटा आणि समुद्रपक्षी भरले, दादाच्या मागे सांगलीची रिक्षा होती.

घाटरस्ता
आता मी रडतेय, ऑफिसात.

थर्ड_शिफ्ट
पार्टनर कुठं असतो आता

तळ्याकाठी
कोल्हापूरला. दादा त्याला आत्ता फोन लावतोय. 'टेंडरनेस'चं भांडण बाकी आहे म्हणे.

पायपेटी
कोरी नव्वदची कॅसेट अजून कुठे मिळते का? ठाण्यात असेल तर सांगा.