‘द सोप्रानोज’, पर्व पाचवे: टोनी ब्लंडेटोची घसरण तुम्हांला पटली का?

उशिराचा प्रेक्षक

नमस्कार. १९९९ साली सुरू होऊन २००७ साली संपलेली ही अमेरिकी माफियावरची मालिका मी आता कुठे पाहायला घेतली आहे. तिचे पाचवे पर्व, म्हणजे मार्च ते जून २००४ या काळात प्रक्षेपित झालेले तेरा भाग, काल पाहून संपवले. पुढील मजकुरात पर्वाचा शेवट उघड झालेला आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांनी इथेच थांबावे.

माझा प्रश्न मालिकेचा नायक आणि टोळीप्रमुख टोनी सोप्रानो याच्या भावाविषयी, म्हणजे स्टीव्ह बुसेमीने साकारलेल्या टोनी ब्लंडेटोविषयी आहे. १९८६ साली मालाचा ट्रक लुटण्याच्या प्रकरणात पकडला गेलेला हा माणूस जवळजवळ दोन दशकांनी सुटतो आणि पहिल्याच भेटीत भावाला सांगतो की मला आता जुन्या धंद्यात यायचे नाही, मी मसाजचा परवाना काढणार आहे. तो किम नावाच्या कोरियन गृहस्थाच्या लाँड्रीत राबतो, रात्री अभ्यास करतो, परीक्षाही उत्तीर्ण होतो, आणि मालक स्वतःहून त्याला मसाज केंद्रासाठी जागा व भांडवल देऊ करतो. इथपर्यंतचे लेखन मला अतिशय संयमी वाटले. मात्र सहाव्या भागात रस्त्यावर १२,००० डॉलरने भरलेली पिशवी त्याच्या हाती लागते, ती रक्कम तो जुगारात आणि कपड्यांवर उधळतो, आणि दुकान उघडायला थोडेच दिवस उरलेले असताना त्याच किमला बेदम मारतो. आठव्या भागात तो सुपारी घेऊन माणूस मारतो. पाच भागांत जे उभे केले ते एका पिशवीने कोसळावे, हे मला लेखकांनी स्वतःची सोय पाहिल्यासारखे वाटले. न्यू यॉर्कच्या टोळीशी संघर्ष पेटवण्यासाठी त्यांना एक ठिणगी हवी होती आणि ती या पात्रावर लादली गेली, असे माझे मत झाले आहे. आपल्याला काय वाटते?

पडद्याआडचा

तुमच्या प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे, ते असे की ब्लंडेटो पिशवी सापडण्यापूर्वी सुधारलेला होता. माझ्या मते तो सुधारलेला नव्हता, फक्त थकलेला होता. तो भाग पुन्हा पाहिलात तर लक्षात येईल की पैसे संपल्यामुळे तो किमवर चिडत नाही. किम त्याच्याशी बरोबरीच्या भागीदारासारखा वागू लागतो आणि कामाची घाई करतो, तेव्हा त्याचा तोल जातो. सरळ कष्टाच्या जगात रोज कुणाचे तरी ऐकून घ्यावे लागते, वाट पाहावी लागते, आणि यश मिळाले तरी ते एका लहानशा दुकानाएवढेच असते; आपल्यापेक्षा वयाने फारसा मोठा नसलेला भाऊ टोळीचा प्रमुख होऊन बसलेला असताना हे पचवणे त्याला जमत नाही. पिशवी हे कारण नव्हे, ते निमित्त आहे.

दुसरे असे की या भागात त्याच्या जोडीला टोनी सोप्रानोची बायको कार्मेला हिचे कथानक ठेवलेले आहे, ते केवळ वेळ भरण्यासाठी नाही. चौथ्या पर्वाच्या अखेरीस नवऱ्यापासून वेगळी झालेली कार्मेला मुलाच्या शाळेतील समुपदेशकाशी संबंध जोडते. पुस्तके, संभाषण, वेगळ्या प्रकारचा पुरुष, असे सगळे तिला मिळते, आणि अखेरीस तोच गृहस्थ तिला म्हणतो की मुलाचे गुण वाढवून घेण्यासाठी तू माझा वापर करते आहेस. त्याचा आरोप सर्वस्वी खोटा नाही, ही या लेखनाची खुबी आहे. नंतर ती वडिलांजवळ म्हणते त्याचा आशय असा की टोनीसारख्या माणसाशी लग्न केल्यामुळे मी काहीही केले तरी माझ्या हेतूंवर संशय घेतला जाणार. एकाच भागात दोन माणसे बाहेरचे दार ढकलून पाहतात आणि दोघेही स्वतःच्याच सवयींमुळे परत फिरतात.

आणि सुपारीचे म्हणाल, तर तीही अचानक येत नाही. न्यू यॉर्कच्या टोळीतले अँजेलो आणि रस्टी यांचा प्रस्ताव तो आधी नाकारतो. मग कार्मेलाच्या वडिलांच्या पंचाहत्तरीचा समारंभ होतो, त्याची जुळी मुले सोप्रानोंचा पोहण्याचा तलाव आणि बंगला पाहून हरखून जातात, निघायला तयार होत नाहीत. हे पाहिल्यानंतरच तो होकार देतो. मला तर हा आठवा भाग सहाव्यापेक्षाही अधिक क्रूर वाटतो, कारण त्यात कुणीही वाईट वागत नाही. फक्त एक बाप मुलांच्या डोळ्यांतले कौतुक दुसऱ्याच्या घराकडे वळलेले पाहतो.

सरळरेषा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. समर्थन शोधले की सापडते. प्रश्न हा आहे की पाहताना ते जाणवते का. एकाच पर्वात आणून त्याच पर्वात संपवायच्या पात्राला जेवढी घाई करावी लागते तेवढी इथे केलेली दिसते. त्याच्या तुलनेत टोनीच्या टोळीतल्या क्रिस्टोफरची प्रेयसी एड्रियाना पाहा. तिला आपण पहिल्या पर्वापासून ओळखतो आणि एफबीआयच्या विळख्यात ती चौथ्या पर्वात सापडते, त्यामुळे बाराव्या भागात, म्हणजे ‘लाँग टर्म पार्किंग’मध्ये, जे घडते त्याला कुठेही ढकलावे लागत नाही.

त्या भागातला एक प्रसंग मी कधीही विसरणार नाही आणि तो एड्रियानाचा नाही, क्रिस्टोफरचा आहे. आपण एफबीआयची खबरी आहोत हे ती त्याला सांगते; तो तिचा गळा आवळतो, मग रडतो, मग तिच्याबरोबर साक्षीदार संरक्षण योजनेत जायला जवळजवळ तयार होतो. सिगारेट आणतो म्हणून बाहेर पडतो, पेट्रोल पंपावर थांबतो, आणि समोर एक साधे कुटुंब जुनाट गाडीत मुलाबाळांना बसवताना दिसते. तो फक्त पाहतो. एकही संवाद नाही. त्या कुटुंबात आपण उद्या असू, हे त्याला दिसते आणि तिथेच एड्रियानाचा निकाल लागतो. ब्लंडेटोला असा एकही क्षण मिळालेला नाही. मायकेल इम्पेरिओली आणि ड्रिया डी मॅटेओ या दोघांनाही या भूमिकांसाठी त्या वर्षीचा एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, यात नवल नाही. मालिकेलाही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी याच पर्वासाठी मिळाला आणि केबल वाहिनीवरील मालिकेला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

उशिराचा प्रेक्षक

दोघांचेही आभार. समारंभाचा प्रसंग मी निव्वळ विनोदी म्हणून पाहिला होता. मुलांकडे माझे लक्षच गेले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो.

त्यातूनच दुसरा प्रश्न पुढे येतो. अखेरच्या भागात टोनी आपल्या मावसभावाला स्वतः गोळी घालतो. यापूर्वी अशी अनेक कामे तो इतरांवर सोपवत आला आहे. एड्रियानाच्या वेळी आपला सल्लागार सिल्व्हिओ याला पाठवतो. मग इथे स्वतः का? न्यू यॉर्कच्या टोळीतल्या फिल लिओटार्डोने त्याला हालहाल करून मारू नये म्हणून दाखवलेली ही दया होती, की टोळीतील असंतोष शमवण्यासाठी केलेला हिशेब?

तळटीप

आधी एक किरकोळ गोष्ट. मूळ इंग्रजीत दोघांचे नाते एकाच मोघम शब्दात सांगितलेले आहे. तुम्ही ‘मावसभाऊ’ लिहिले ते अचूक आहे, कारण ब्लंडेटोची आई आणि टोनीची आई लिव्हिया या सख्ख्या बहिणी. लहानपणी दोघांना ओळखण्यासाठी वडिलांचे नाव जोडले जाई, एक जॉनीकाकांचा टोनी आणि दुसरा अलकाकांचा. हे मुद्दाम सांगतो, कारण एकाच नावाची दोन मुले, एकच घराणे, आणि एका रात्रीत दोघांच्या वाटा फुटणे, यावरच या नात्याचा सगळा भार आहे.

पडद्याआडचा

ती रात्र महत्त्वाची आहेच, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर तिथूनच सुरू होते. १९८६ साली ज्या कामगिरीवर ब्लंडेटो पकडला गेला, त्या कामगिरीवर टोनीही जाणार होता. तो गेला नाही. वर्षानुवर्षे त्याने सांगितले की वाटेत काही कृष्णवर्णीय तरुणांनी मारहाण करून लुटले. नवव्या भागात त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फींसमोर खरे बाहेर येते की आईशी कडाक्याचे भांडण झाल्यावर त्याला भीतीचा झटका आला होता आणि पडून डोक्याला लागले होते. म्हणजे भावाची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली आणि स्वतः वाचला, तो एका अशा दुबळेपणामुळे, जो त्याच्या व्यवसायात उच्चारताही येत नाही. लक्षात घ्या, हे तो मेल्फींना सांगतो. ब्लंडेटोला मात्र वर्षानुवर्षे सांगत नाही.

आता शेवटाकडे पाहू. ब्लंडेटोने फिलच्या भावाला, बिलीला, मारल्यानंतर न्यू यॉर्कची मागणी स्पष्ट असते. टोनी त्याला सोपवायला तयारही होतो, परंतु झटपट मरणाची हमी न्यू यॉर्कचा म्होरक्या जॉनी सॅक देत नाही आणि तिथे बोलणे फिसकटते. त्यानंतर तो भावाला पाठीशी घालतो, तेव्हा ती निष्ठा आहे असे आपल्याला वाटू लागते. सिल्व्हिओ मात्र त्याला तोंडावर सांगतो की हे निष्ठेसाठी नाही, तुला कुणाचा वरचष्मा सहन होत नाही म्हणून तू अडून बसला आहेस. फिलच्या माणसांकडून टोनीचे साथीदार मार खाऊ लागतात, वाढदिवसाच्या जेवणाला जमलेल्यांचे चेहरे पडलेले असतात. तेव्हा हिशेब होताच. दयाही होती, कारण बंदुकीची एक गोळी आणि फिलचे हात यांत फरक आहेच.

परंतु मला तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. टोनी ज्याचे देणे लागत होता तो एकमेव माणूस ब्लंडेटो होता. सुटल्यावर त्याला पैसा देणे, काम देणे, त्याचे टोमणे सहन करणे, हे सगळे त्या देण्याचे हप्ते होते. धनको संपला की कर्ज संपते, असे टोनीला जाणीवपूर्वक वाटले असेल असे मी म्हणत नाही. मात्र तो समोर येऊन एक शब्दही न बोलता गोळी झाडतो, हे मला बोलके वाटते. 

तळटीप

त्या निर्णयाच्या अगदी आधीचा प्रसंग या संदर्भात पाहावा, अशी विनंती आहे. चौथ्या पर्वात मेलेल्या पाय-ओ-माय या घोडीबरोबरचे टोनीचे चित्र त्याचा साथीदार पॉली याने जाळू न देता वाचवले होते आणि त्यात टोनीला जुन्या काळच्या सेनापतीचा गणवेश चढवून घेतला होता. शेवटच्या भागात ते पॉलीच्या घरी टोनीच्या दृष्टीस पडते. तो संतापून ते भिंतीवरून उतरवतो, कचऱ्याच्या पेटीत फेकतो, आणि मग गाडीशेजारी उभा राहून त्या चित्रातल्या स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत राहतो. त्यानंतरच तो भाऊ लपलेल्या शेतावर जातो. सेनापतीने आपल्या माणसांसाठी काय करायचे असते, हे त्याला एका हास्यास्पद चित्राने सांगितले, ही लेखकांची खास तिरकस चाल आहे. (पॉली बिचारा ते चित्र मनापासून लावून बसला होता.)

शेत तेच, जिथे दहाव्या भागात दोघे भाऊ क्रिस्टोफरची थट्टा करत रमले होते आणि जिथली जुनी पुरलेली प्रेते जमीन विकली जाणार म्हणून उकरून काढावी लागली होती.

सरळरेषा

देण्याचा मुद्दा मला पटला. घाईविषयीचे मत मात्र कायम आहे. पटण्याचे कारण असे की याच नजरेने ‘लाँग टर्म पार्किंग’चा शेवट पाहिला तर तो अधिक अस्वस्थ करतो. एड्रियानाला सिल्व्हिओ रानात नेतो. त्याआधी क्षणभर आपल्याला दिसते की ती एकटीच सामान घेऊन गाडीने दूर निघाली आहे, आणि लगेच कळते की ती कल्पना होती. ती रांगत चौकटीबाहेर जाते, गोळ्यांचा आवाज येतो, मृत्यू दाखवला जात नाही. त्याच भागात कार्मेला ६ लाख डॉलरच्या बदल्यात नवऱ्याला घरात परत घेते. त्या पैशातून तिला जमीन घेऊन घर बांधून विकायचे आहे. भागाच्या अखेरीस ती आणि टोनी ती जमीन पाहायला जातात. तीही रानातच आहे, तशीच झाडे, तसाच पाचोळा. तिथेही देणेघेणे मिटलेले आहे आणि कुणी कुणाला काही सांगत नाही.

उशिराचा प्रेक्षक

हे दोन प्रसंग एकाच रानासारखे दिसतात हे मला मुळीच जाणवले नव्हते, आणि आता ते डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिल्या भागात बागेत अस्वल शिरते, टोनी हातात बंदूक घेऊन त्याची वाट पाहत बसतो, आणि तेराव्या भागात जॉनी सॅकला अटक होताना निसटलेला टोनी बर्फ तुडवत त्याच झाडीतून घरात येतो, एवढे तेवढे माझ्या लक्षात आले होते. ब्लंडेटोविषयी माझे मत अर्धे बदलले आहे. समारंभाचा भाग पुन्हा पाहणार आहे, या वेळी फक्त त्याच्या मुलांकडे लक्ष ठेवून. किमच्या मारहाणीबाबत अजूनही साशंक आहे, तेव्हा तो प्रसंग पाहून पुन्हा इथेच लिहीन.